झाकलेलं ताट

आमच्या बेटावर, विंडवर्ड गावात कोणाचं सुकाणू मोडलं की त्याला आधी हेझकाया आठवतो आणि मग हेझकायाची बहीण फेमी. कारण हेझकाया सुकाणू घडवून देतो, पण दारी आलेल्याला पाणी विचारावं एवढं त्याला सुचत नाही. खडकांवर आपटलेली ती फ्रेंच बोट गावकऱ्यांनी भरतीच्या पाण्यावर ओढून आणली, तेव्हाही तसंच झालं. बोटीवर नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. नवरा लोईक, बायको नोल्वेन, मुलगी एनोरा. तिघांचा संसार त्या बोटीवरच. जमिनीवर ना घर ना दार, मुलीची शाळासुद्धा आईने डोलकाठीखाली मांडलेली. हेझकायाने तुटक्या सुकाणूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "महिना तरी लागेल. वर माझ्या बहिणीचं घर आहे, पाणी तिथून भरा. ती बोलते फार. मनावर घेऊ नका."

फेमी बोलायची खरी. युफेमिया हे नाव फक्त पाद्रीबाबा आणि सरकारी कागद वापरायचे. गावात मोठ्यांची ती फेमी, लहानांची तांती, म्हणजे मावशी, फेमी. आजीकडून शिकलेली जुनी, फ्रेंच वळणाची पात्वा बोली तिच्या तोंडात अजून शाबूत होती, त्यामुळे त्या फ्रेंच माणसांचं तिच्याशी लगेच जमलं. आमच्या गावात तसं काहीच एका जागचं नाही. आडनावं स्कॉटलंडची, ढोल आफ्रिकेचे, देव रोमचा आणि शिव्या फ्रेंच. त्यात आणखी तिघांची भर पडली तर कोणाच्या पोटात दुखणार होतं?

नोल्वेन रोज सकाळी बादल्या घेऊन वर यायची आणि एनोरा तिच्या मागे. आठवडाभराने बादल्या खाली गेल्या तरी एनोरा वरच राहायला लागली. तुरीच्या शेंगा सोलायला बसली की निम्मे दाणे तिच्या पोटात जायचे. तळलेला मासा तिला काट्यांसकट हवा असायचा, आणि नारळाचा पाव तर ती दोन्ही हातांत धरून खायची. "ही पोरगी बोट बुडवील एक दिवस," फेमी म्हणायची आणि आणखी एक तुकडा तिच्यापुढे सरकवायची.

फेमीच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या कोपऱ्यावर एक ताट झाकून ठेवलेलं असायचं. पांढरं, निळ्या काठाचं, वर पालथा वाडगा. रोज संध्याकाळी ती त्यात मक्याच्या पिठाचा घट्ट कुकू, मासा, तुरीचं कालवण असं सगळं ऊन ऊन वाढायची आणि झाकायची. सकाळी ते कोंबड्यांना जायचं. फेमीच्या कोंबड्या गावात सगळ्यात धष्टपुष्ट होत्या, आणि लोक त्यावर हसायचे, पण तिच्यासमोर हसायची कोणाची छाती नव्हती.

ताट ऑल्विनचं होतं. ऑल्विन तिचा एकुलता एक मुलगा. बरीच वर्षं झाली, तो आणखी तिघांबरोबर उत्तरेला सेंट बार्ट्स बेटावर माल आणायला गेला. कसला माल ते विचारू नये. आमच्याकडे सरकारला न विचारता आलेली रम जास्त चविष्ट लागते. ते गलबत ना तिकडे पोचलं ना परत आलं. फळीचा तुकडासुद्धा मिळाला नाही. बाकीच्या तिघांच्या घरांनी वर्ष-दोन वर्षं वाट बघितली, मग रिकाम्या कबरींवर दगड बसवले, ढोल वाजवून गावजेवण घातलं आणि आईबापांचं ताट मांडलं. आमच्याकडे मेलेल्यांसाठी रात्रभर बंद खोलीत जे जेवण ठेवतात त्याला आईबापांचं ताट म्हणतात, मग मेलेलं पोटचं पोर असलं तरी. दगड बसला की मेलेला स्वस्थ होतो आणि त्याच्या मागचे जिवंतही. फेमीने मात्र दगडाचं नाव काढू दिलं नाही.

"मढं नाही, तर मेलाय कशावरून?" ती म्हणायची. "पोर कुठेतरी अडकलंय. येईल."

म्हातारी मा लुसीन, जी गावातल्या प्रत्येक मेलेल्याची खबर ठेवून असते, ती तिला दर वर्षी एकदा तरी सांगायची, "फेमी, तो फिरतोय गं. त्याला बसू दे." फेमी तिला कॉफी द्यायची, वर साखर जास्त घालायची आणि विषय बदलायची.

हेझकाया या बाबतीत कधीच काही बोलला नाही. ते गलबत त्याने बांधलेलं होतं.

एक दिवस शेंगा सोलता सोलता एनोराने टेबलाकडे हनुवटी केली. "तांती, ते ताट त्या दादाचं ना?"

"कुठल्या दादाचं?"

"आमच्या बोटीवर येतो तो. दिवे लावायच्या वेळी. मागे सुकाणू नाहीये ना आता, तिथे पाण्यात पाय सोडून बसतो."

"गावातली पोरं असतील. टारगट आहेत मेली. बाबांना सांग, हाकलतील."

"बाबांना तो दिसत नाही," एनोरा म्हणाली. यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. "त्याचे कपडे सारखे ओलेच असतात. तो म्हणाला, फेफेला विचार, दार कुठे नेलं."

फेमीच्या हातातली शेंग तशीच राहिली. फेफे. जीभ वळत नव्हती त्या वयात ऑल्विन तिला फेफे म्हणायचा, आणि मोठा झाल्यावर फक्त घरात, दोघंच असताना, चिडवायला. हे नाव हेझकायालाही माहीत नव्हतं. आणि दार! वादळात छप्पर उडालं तेव्हा हेझकायाने घर नव्याने उभं करताना स्वयंपाकघराचं दार समुद्राकडून काढून रस्त्याच्या बाजूला केलं. ऑल्विन गेल्यानंतरची ती गोष्ट. जुन्या दाराच्या जागी आता नुसती भिंत होती.

ती उठली आणि त्या भिंतीवर हात ठेवून उभी राहिली. खोटं कशाला सांगा, भीतीपेक्षा आनंद जास्त होता. इतक्या वर्षांत ऑल्विनची पहिली खबर आली होती. ओल्या कपड्यांचा अर्थ तिला कळला नाही असं नाही. कळला, आणि तिने तो बाजूला सारला.

"आज आला तर सांग त्याला," ती एनोराला म्हणाली, "दार रस्त्याच्या बाजूला आहे. कडी लावलेली नसते."

त्यानंतर फेमीचे दिवसच पालटले. पहाटे उठून ती अंगण झाडायची आणि वाटेकडे डोळे लावून बसायची. एनोरा आली की आधी तिला समोर बसवायची. "काय म्हणाला?" आणि एनोरा सांगायची. कधी तो तपकिरी शेळीची चौकशी करायचा. कधी हेझकायामामा रंधा मारताना जीभ बाहेर काढतो यावर हसायचा. कधी काहीतरी गुणगुणायचा, आणि एनोराच्या मते त्याचा सूर अगदीच भिकार होता. फेमी हसून हसून डोळे पुसायची. ती दुकानात जाताना गाणं म्हणते असं गावाने बघितलं, आणि काहींनी त्या फ्रेंच माणसाकडे संशयाने पाहिलं. लोईक बिचारा दिवसभर बोटीचं बूड खरवडत असायचा, त्याला याचा पत्ताही नव्हता.

महिना संपत आला तसा फेमीच्या जिवाला घोर लागला. ती किनाऱ्यावर गेली. हेझकाया नव्या सुकाणूच्या फळीवर वाकला होता.

"हे लाकूड ओलं दिसतंय," ती म्हणाली.

"फेमी, लाकूड हा माझा धंदा आहे."

"मग धंदा नीट कर. वाळू दे आणखी. त्यांचं पोर रमलंय इथे, आठ-पंधरा दिवस जास्त गेले तर तुझं काय जातंय?"

हेझकायाने तिच्याकडे बघितलं. त्याने तिला विचारायला हवं होतं, पण त्या गलबतापासून बहिणीला नाही म्हणायचं त्याला जमत नव्हतं. त्याने रंधा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने लोईकला सांगितलं की सीडरचं लाकूड अजून ओलं आहे, घाई केली तर भर समुद्रात चिरेल.

त्याच सुमाराला एनोराचं जेवण तुटलं. आधी तिने मासा बाजूला सारला. खारट आहे म्हणाली. मग पाव खारट. नोल्वेनने दुधात साखर घालून खीर केली, तीही खारट. नुसतं विहिरीचं पाणी दिलं तर ओठाला लावून तोंड वाकडं करायची. मोठ्या गावातल्या, हिल्सबरोच्या डॉक्टरने जीभ बघितली, पोट दाबलं आणि एक गोड औषध दिलं. ते तिने ओकून टाकलं, खारट म्हणून. पंधरा दिवसांत पोरीच्या मांड्यांवरचं मांस गेलं आणि डोळे मोठे दिसायला लागले. संध्याकाळ झाली की ती बोटीच्या मागच्या टोकाला, जिथे सुकाणू नव्हतं तिथे, जाऊन बसायची. एका सकाळी नोल्वेनला तिचा झगा कमरेपर्यंत भिजलेला आढळला. रात्रभर पोरगी तिच्याच कुशीत होती. नोल्वेनने मग तिच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. एनोरा रांगत होती तेव्हा भर समुद्रात बांधायची तशी.

नोल्वेन पाणी भरायला यायची, आता पोरीला दोरीने धरून. फेमीने एकदा तिच्या मनगटावरचा वळ बघितला आणि नजर वळवली.

मग एनोराने ते सांगितलं. अंगणात बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी. नोल्वेन विहिरीवर होती, दोरी खांबाला बांधलेली.

"तांती, तो आता घरात येतो. दार सापडलं त्याला. रोज वाडगा उचलतो आणि परत ठेवतो." तिने थुंकी गिळली. "म्हणतो, खारट आहे. म्हणतो, फेफे माझ्या ताटात मीठ का घालते? मला भूक लागलीये."

मेलेल्यांना मीठ चालत नाही, हे विंडवर्डच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आईबापांच्या ताटातला भात, मासा, मटण, सगळं बिनमिठाचं शिजतं. मीठ जिवंत माणसाचं. फेमीने कित्येक गावजेवणांच्या हांड्या स्वतः ढवळल्या होत्या आणि सुनांचे हात मिठावरून मागे खेचले होते. पण ऑल्विनचं ताट ती जिवंत माणसाचं म्हणून वाढत होती. उलट त्याला आवडायचं म्हणून चिमूटभर मीठ जास्तच. ज्या मिठाने ती त्याला जिवंत ठेवत होती, त्याच मिठाने ते पोर इतकी वर्षं रोज रात्री भरल्या ताटावरून उपाशी उठत होतं. 

आता एखाद्याला वाटेल की तिने त्याच संध्याकाळी बिनमिठाची हांडी चढवली असेल. नाही चढवली. तिला पक्कं ठाऊक होतं की बिनमिठाचं वाढलं तर तो जेवेल, आणि जेवला की जाईल. मग सकाळी अंगणात बसून काय म्हणाला असं कोणाला विचारायचं? त्या संध्याकाळी तिने कालवणात मीठ घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. खाली बोटीवर नोल्वेन पोरीला चमच्याने काहीतरी भरवायला बघत होती ते तिला खिडकीतून दिसत होतं. ती माझी फेमी, मला ती आवडते, पण हे तिने केलं आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

मा लुसीन आली ती काठी आपटतच. तिला कोणीतरी खालून खबर दिली होती. एनोरा ओसरीवर आईच्या मांडीत होती. म्हातारीने पोरीची हनुवटी धरून तोंड वर केलं, खिशातला गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवला. एनोराने तो थुंकला.

"खारट," ती पुटपुटली.

मा लुसीनने आत टेबलाकडे पाहिलं, मग फेमीकडे. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी मेलेल्यांना जेवू घालतेय. हे पोर कोणाच्या तोंडाने चव घेतंय?"

 एनोरानेच सांगितलं, डोळे मिटूनच, "ऑल्विनच्या."

नोल्वेनला जुनी पात्वा सगळी कळत नव्हती, पण एवढं कळलं. ती ताठ झाली. "ऑल्विन तुमचा मुलगा ना? जो परदेशी आहे म्हणालात?"

"तो समुद्रात गेलाय, पोरी," मा लुसीन म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे. हिच्याखेरीज. मेलेल्याची आई ऐकत नसली की तो परक्याच्या लेकराला धरतो. हे लेकरू कच्चं, बोटीवरचं. ना याला माती, ना उंबरा. सोपं सापडलं."

"तुम्हाला माहीत होतं?" नोल्वेनने फेमीला विचारलं. आवाज चढवला नाही.

"हो."

"माझी मुलगी वाळत चालली होती, आणि तुम्ही तिला रोज बसवून विचारत होतात?"

"हो."

"सुकाणूचं लाकूड खरंच ओलं आहे?"

फेमीने मान खाली घातली. मग म्हणाली, "तुझं तुझ्या मांडीवर आहे, नोल्वेन. तुला नाही कळायचं."

नोल्वेनने पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. राग तिच्या कानांपर्यंत चढलेला दिसत होता, पण ती बोलली ते हळूच. "माझ्या माहेरचं बेटही असंच आहे, तांती. चहूकडून पाणी. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर गेले ते आले नाहीत. मी हिच्याएवढी होते. आमच्याकडे मढं मिळालं नाही तर मेणाचा छोटा क्रूस करतात. तो घरी आणतात, पांढऱ्या कापडावर ठेवतात, शेजारपाजार त्याच्याजवळ बसतो आणि मग तो पुरतात. मी आईला विचारलं, एवढ्याशा मेणात बाबा कसे मावले? तिने माझ्या थोबाडीत मारली. आणि मग रडली. तोपर्यंत ती एकदाही रडली नव्हती. नुसती धक्क्यावर जाऊन उभी राहायची, आणि मी घरी उपाशी." तिने फेमीकडे बघितलं. "मला तुमचा राग आलाय. तो जाणार नाही लगेच. पण कळत नाही असं म्हणू नका. माझी मुलगी मला परत द्या."

अंगणात कोंबड्या खुडबुडत होत्या. फेमीने एनोराच्या पायाकडे पाहिलं. तळव्यांची कातडी सुरकुतली होती, जणू दिवसभर पाण्यात होती. सकाळपासून पोरीने पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"मा," फेमी म्हणाली, "हांडी कोणती घेऊ?"

दुपारी शेजारच्या बायका जमल्या. मा लुसीनने सगळ्यात आधी मिठाची बरणी उचलून रस्त्यापलीकडच्या घरी पाठवली. सवयीचा हात दगा देतो, ती म्हणाली. हेझकायाने कोंबडा आणला. लोईक किनाऱ्यावरून वर आला आणि काय करावं न कळून लाकडं फोडत बसला. त्याने लाकडं वाईट फोडली, पण कोणी बोललं नाही. फेमीने भात रांधला, कुकू घोटला, तुरीचं कालवण केलं, नारळाच्या दुधात मासा शिजवला. प्रत्येक हांडीपाशी तिचा हात एकदा बरणीच्या जागेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. माशाच्या हांडीवर वाकली असताना तिचे डोळे भरून आले.

"मागे हो," मा लुसीन म्हणाली. "हांडीत पडेल. तेही खारटच असतं."

म्हणून तिने रडायचं थांबवलं. ते कसं थांबवलं ते तिलाच माहीत. ओठ आत ओढून, एक अक्षर न बोलता तिने सगळा स्वयंपाक कोरड्या डोळ्यांनी उरकला, आणि बोलक्या फेमीला असं गप्प बघून शेजारणींनीच डोळे पुसले.

सूर्य टेकला तेव्हा हेझकायाने उंबऱ्याबाहेर मातीत आधी पाणी आणि मग रम ओतली. घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली: आजा, आजी, बाप, आई, लहानपणी गेलेली एक बहीण. प्रत्येक नावाला थोडी रम. मग तो थांबला. 

"पुढचं नाव माझ्याने घ्यायचं नाही," तो म्हणाला. "त्याच्यासाठी गलबत मी बांधलं. तू घे, फेमी."

 मेलेल्यांच्या ओळीत नाव घेतलं की ते पुन्हा जिवंतांत आणता येत नाही. एनोरा आईच्या खांद्यावर होती, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि तिच्या झग्याच्या कडेवरून पाण्याचे थेंब ओसरीवर पडत होते. टप. टप. सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

"ऑल्विन," फेमी म्हणाली. हेझकायाने रम ओतली. "ऑल्विन, ये बाळा. मीठ नाही घातलेलं. जेव."

"बोलावलंस," मा लुसीन म्हणाली. "आता निरोप दे. अर्धवट ठेवू नको."

फेमीने मातीत मुरलेल्या रमकडे बघितलं. "जेव," ती म्हणाली. "पोटभर जेव. आणि मग जा. फेफे म्हणते, जा."

ताट एनोरानेच ठेवायचं होतं, कारण निरोप तिच्या तोंडून आला होता. नोल्वेनने तिला कडेवर घेऊन आतल्या खोलीत नेलं. पोरीने दोन्ही हातांनी ताट पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि फेमीने त्याच्याजवळ पाण्याचा पेला. मग सगळे बाहेर आले आणि दार लावलं. रात्रभर त्या खोलीत कोणी जायचं नसतं. फेमी दाराला पाठ लावून बसली. आतून काही ऐकू आलं का, हे तिला पुढे कितीतरी जणांनी विचारलं. तिने कोणालाच सांगितलं नाही, आणि आम्हीही जास्त खोदून विचारलं नाही.

सकाळी मा लुसीनने दार उघडलं. ताटातलं काही कमी झालंय का ते आमच्याकडे बघत नाहीत, बघायचं नसतं. दार उघडलं की ते जेवण पोरांचं. गावातली पोरं उंबऱ्यावर टपूनच होती, ती आत घुसली आणि एकमेकांना कोपरं मारत ताटावर तुटून पडली. त्या गर्दीत कमरेची दोरी ओढत एनोराही घुसली. नोल्वेनने दोरी सैल सोडली. पोरगी बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत माशाचं डोकं होतं आणि हनुवटीवरून नारळाचं दूध ओघळत होतं. ती ओसरीवर बसून खायला लागली. झग्याची कड कोरडी होती.

"याला काही चवच नाही," ती तोंड भरून कुरकुरली. "तांती, मीठ दे ना."

नोल्वेन भिंतीला टेकली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. लोईकने तिला जवळ घेतलं. किनाऱ्यावर हेझकायाचा रंधा चालू झाला होता. सुकाणू त्याच आठवड्यात बसणार होतं, आणि ऑल्विनच्या कबरीसाठी चिराही त्याने बघून ठेवला होता.

फेमीने रस्त्यापलीकडून मीठ आणलं. चिमूटभर एनोराच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्यासमोर बसली. विचारायचं नाही असं तिने रात्रीच ठरवलं होतं. पण ठरवलेलं सगळं होतं थोडंच.

"एनोरा," ती हळूच म्हणाली, "जाताना तो काही म्हणाला का गं?"

एनोराने चघळता चघळता वर पाहिलं. "कोण?"

फेमीने तिच्या डोळ्यांत नीट निरखून बघितलं. तिथे काही लपवलेलं नव्हतं. पोरीला खरंच माहीत नव्हतं.

"माझा मुलगा," फेमी म्हणाली. "ऑल्विन. समुद्रात बुडाला तो."

"लहान होता?"

"नाही. मोठा होता. तुझ्या बाबांएवढा उंच."

"मग त्याला पोहता येत नव्हतं?"

"येत होतं," फेमी म्हणाली. "गावात सगळ्यात चांगलं येत होतं." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ती मोठ्याने रडायला लागली. एनोरा थोडा वेळ बघत राहिली. मग तिच्याजवळ सरकून बसली आणि मासा खात राहिली.